घट्ट ठसा

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला 'स्टिरिओटाइप' या शब्दावर बोलायला सांगितलंय. तुमच्यात कॉलेजातली पोरं जास्त. तुम्ही हा शब्द चहा पितापिता वापरता. सिनेमातलं पात्र स्टिरिओटाइप, अमक्याचं मत स्टिरिओटाइप. मी मॅट्रिक. गोदीत ओझी उचलतो. शब्द दिसला की मला आधी तो उचलून बघावासा वाटतो, वजन किती म्हणून. हा जड निघाला. कारण तो शिशाचा आहे.

आमच्या चाळीत एक तात्या आहेत. जुन्या काळी एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात ओतकामाला होते. ऑफसेट आलं आणि घरी बसले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, तो शब्द आमचा. तुमच्या प्रोफेसरांनी आमच्याकडनं उसना नेला आणि परत केला नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या छपाईत एकेक अक्षराचा खिळा असायचा. कंपॉझिटर खिळे जुळवायचा, पान व्हायचं, ते लोखंडी चौकटीत आवळलं की फर्मा तयार. पान छापून झालं की खिळे सोडवून परत आपापल्या खान्यात टाकायचे. उद्याच्या पानाला तेच खिळे. पण लाखभर अंक काढायचे तर खिळे झिजतात. एकच पान चार मशिनांवर एकदम छापायचं असेल तर चारदा जुळवणार कोण? म्हणून त्या फर्म्यावर ओलसर जाड कागद दाबायचा. त्याला फ्लाँग म्हणायचे. अक्षरांचे खड्डे कागदात उमटायचे. तो वाळवून, अर्धगोल वाकवून, त्यावर वितळलेलं शिसं ओतायचं. शिशात थोडं अँटिमनी आणि कथील. निघायची ती पानाची अख्खी पाटी. हिचं नाव स्टिरिओ. सबंध स्टिरिओटाइप.

ग्रीक भाषेत 'स्टेरिऑस' म्हंजे घट्ट, 'टिपॉस' म्हंजे ठसा. दोन शब्द जोडून हे नाव दिलं पॅरिसच्या फर्मँ दिदो या छापणाऱ्यानं, अठराव्या शतकाच्या अखेरीस. का, तर त्याला लॉगरिदमची कोष्टकं छापायची होती. आकडेच आकडे. एक खिळा हलला की गणित बोंबललं. म्हणून दुरुस्त केलेलं पान त्यानं कायमचं घट्ट करून टाकलं. १७९५ साली ती कोष्टकं निघाली. म्हंजे बघा, हा शब्द जन्माला आला तेव्हा शिवी नव्हता. चूक पुन्हा होऊ नये म्हणून काढलेली ती युक्ती होती.

पण यातच मेख आहे. बरोबर पान घट्ट केलं तर ते बरोबरच राहतं. चुकीचं पान घट्ट केलं तर? सुटा खिळा चिमट्यानं काढता येतो. पाटीतलं अक्षर बदलायचं तर ती कापावी लागते, तुकडा झाळावा लागतो. तात्या म्हणाले, "रात्री दोन वाजता कोण कापतंय? चूक असली तरी जाऊ दे म्हणायचे."

नाव दिदोचं, पण युक्ती आधीची. एडिंबरोचा विल्यम गेड नावाचा सोनार १७२५ च्या सुमारास हेच करू पाहत होता. कंपॉझिटरांनी त्याला धड काम करू दिलं नाही. एक चूक दुरुस्त करायच्या नावाखाली मुद्दाम अर्धा डझन चुका घालायचे, असं त्याच्या हकिकतीत येतं. सोनाराचं नुकसान झालं हे खरं. पण मला कंपॉझिटरही कळतात. गोदीत कंटेनर आले तेव्हा आमच्या बापांच्या हातातला हूक असाच गळाला होता.

छापखान्यातनं हा शब्द माणसांवर आला तो असा. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानं 'पब्लिक ओपिनियन' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानं म्हटलं, जग अफाट आहे आणि माणसाला सवड नाही. म्हणून डोक्यात तयार चित्रं असतात, डोळ्यांपुढचा माणूस त्यात बसवून आपण मोकळे होतो. या चित्रांना त्यानं नाव दिलं स्टिरिओटाइप. पत्रकारच तो, उपमा छापखान्यातनं उचलली. छापखान्याची पाटी मेहनत वाचवते, तशी डोक्यातली पाटीही बघायची मेहनत वाचवते.

१९३३ साली कॅट्झ आणि ब्रेली या दोघांनी प्रिन्स्टन विद्यापीठात १०० विद्यार्थ्यांपुढं ८४ शब्दांची यादी ठेवली आणि दहा जमातींपुढं शब्द लिहायला सांगितले. काळ्या अमेरिकनांपुढं शंभरातल्या ७५ जणांनी 'आळशी' हा शब्द टाकला. ज्यांना गुलाम करून पिढ्यानपिढ्या राबवलं, ते आळशी! तुर्कांपुढं जवळजवळ निम्म्यांनी 'क्रूर' लिहिलं. त्यातल्या कितींनी आयुष्यात तुर्क बघितला असेल? पाटी तयार होती. शाई लावली, कागद ठेवला, उमटलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे शिसं ओतणारी भट्टी फार जुनी. जन्माला येतानाच मूल साच्यात. आणि ओतणारा गरजेप्रमाणे पाटी बदलतो. १८१८ ला कोरेगावला लढलेल्यांची पोरंनातवंडं १८९२ साली इंग्रजांनी 'लढाऊ जात नाही' म्हणून पलटणीत घ्यायची बंद केली. दुसरं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. माणसं तीच, रक्त तेच. म्हंजे 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' हे आमच्या अंगात नव्हतं, साहेबाच्या साच्यात होतं.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवाल. दुसऱ्याच्या भट्टीबद्दल बोलणं सोपं असतं. आता माझं सांगतो.

गोदीत पेटीवर पत्र्याच्या साच्यातनं काळा मार्का मारलेला असतो. आम्ही मार्का बघून पेटी लावतो, उघडून बघत नाही. मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये एकाचं घड्याळ हरवलं. मुकादमानं विचारलं, "इथं कोण होतं?" आम्ही सहाजण होतो. माझ्या तोंडातनं निघालं, "त्या पारध्याला विचारा."

मी म्हणालो. मी, कविता लिहिणारा, मोर्चात घसा फोडणारा.

त्याची पिशवी उलटी केली. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि पोरीला शाळेत घालायचा अर्ज. घड्याळ संध्याकाळी ताडपत्रीच्या घडीत सापडलं. तो काही बोलला नाही. ओला झालेला अर्ज त्यानं शर्टावर पुसला, भाकरी फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवसापासनं तो आमच्यात जेवायला बसत नाही.

मी पारध्यांबद्दल कुठं काय वाचलं होतं? काही नाही. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. १९५२ साली कायदा रद्द झाला. म्हंजे मूळचा फर्मा सोडला, खिळे खान्यात गेले. पण पाटी उरली, आणि ती माझ्या डोक्यात निघाली. शेडमध्ये कोणी पोलीस नव्हता, पाटील नव्हता. छापणारा मी होतो.

आणखी एक. फ्रेंचांत या पाटीला दुसरं नाव होतं, क्लिशे. साचा वितळल्या धातूवर आपटताना आवाज व्हायचा, त्यावरनं पडलं म्हणतात. आज घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याला आपण क्लिशे म्हणतो. दोन्ही शब्द एकाच भट्टीतले. आता आपल्या कविता काढून बघा. सूर्य, काळोख, ज्वालामुखी, मशाल. पहिल्यांदा ज्यांनी हे शब्द लिहिले त्यांनी खिळा खिळा जुळवला होता, जीव जाळून. आपण त्यांची पाटी ओतून घेतली. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मी आईवर कविता वाचली. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, एवढीच. लोक गप्प. संयोजक कानात म्हणाला, "कवी, एक कडक होऊन जाऊ द्या, शिव्यावाली." म्हंजे दलित कवीनं शिव्याच द्यायच्या, ही पाटी आता फक्त त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही आहे. आणि खरं सांगतो, मी दिली. टाळ्या पडल्या.

मग करायचं काय? तात्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला धरून ठेवावीशी वाटते. अंक छापून झाला की सगळ्या पाट्या परत भट्टीत जायच्या. तेच शिसं उद्याला. शिसं वितळतं, दोस्तहो. पण आपोआप वितळत नाही, खाली जाळ लागतो. तो जाळ दुसऱ्याच्या नावानं ओरडून पेटत नाही. प्रत्येक माणसाला नव्यानं जुळवायचं म्हणजे वेळ लागतो, बोटं काळी होतात. पण तेवढी मेहनत वाचवायची असेल तर मग आपण आणि ते यांच्यात फरक काय?

उद्या माझी पहिली पाळी आहे. तोही असणार. त्याला काय म्हणायचं ते अजून माझं जुळत नाही. 'माफ कर' हे तयार मिळतं, म्हणूनच ते तोंडातनं निघत नाही. आधी त्याच्या शेजारी भाकरी घेऊन बसतो. त्यानं बसू दिलं तर.

जयभीम.