स्वस्त विमान : किती स्वस्त?



विमानाचा प्रवास ही फार वर्षे आपल्याकडे पाहण्याची आणि वाचण्याची गोष्ट होती; करण्याची नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे विमान घेऊन उतरले, तेव्हा त्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या. १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि परदेशासाठी एअर इंडिया, देशातल्या प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स अशी वाटणी झाली. तरीही विमानात बसणारा म्हणजे कोणी मोठा अधिकारी, मोठा व्यापारी किंवा पुढारी, ही समजूत कायम राहिली. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने तिला पहिला धक्का दिला. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' हे त्या कंपनीचे बोधचिन्ह होते आणि काही जागा तर तिने एक रुपयाला विकल्या. २००५ साली स्पाइसजेट व गोएअर आल्या, २००६ साली इंडिगो आली. आज शेतकऱ्याचा मुलगा, रुग्णालयातील परिचारिका, कारखान्यातील जोडारी हेही विमानात दिसतात. हा बदल लहान नाही, आणि त्याचे श्रेय स्वस्त विमान कंपन्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु श्रेय देणे वेगळे आणि हिशेब करणे वेगळे. जुन्या पद्धतीच्या कंपनीपेक्षा स्वस्त कंपनीत प्रवाशाच्या पैशाचा मोबदला खरोखर अधिक मिळतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम ही स्वस्ताई येते कोठून ते पाहू. १९७१ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात साउथवेस्ट नावाच्या कंपनीने एक सोपी युक्ती अमलात आणली. सगळी विमाने एकाच जातीची ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे शिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती, सारे एकच. वर्ग एकच. जेवणाचा थाट नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आत पुन्हा आकाशात. आपल्या रस्त्यावरच्या प्रवासी जीपचा चालकही हे तत्त्व जाणतो. जीप उभी असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. फेऱ्या वाढल्या तरच भाडे कमी घेऊन भागते. इंडिगोने पहिले उड्डाण करण्यापूर्वीच, २००५ साली, एकाच जातीच्या १०० विमानांची मागणी नोंदवली होती, ती याच हिशेबाने. येथवरची स्वस्ताई हुशारीची आहे, आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. सुरक्षिततेचे नियमही दोन्ही प्रकारच्या कंपन्यांना एकच आहेत. तिकीट स्वस्त म्हणून विमान कच्चे, असे मानणे चूक आहे.

स्वस्ताईचा दुसरा झरा मात्र निराळा आहे. पूर्वी तिकिटात जे जे सामावलेले असे, ते एकेक करून बाहेर काढायचे आणि वेगळे विकायचे. खिडकीजवळची जागा वेगळी, जेवण वेगळे, जास्तीचे सामान वेगळे. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही आपल्या आजीबाईंची म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते. इतकेच की मसाला घ्यायचा की नाही, हे येथे गिऱ्हाइकाच्या हाती असते. ही लाट आता जुन्या कंपन्यांतही शिरली आहे. एअर इंडियाच्या सर्वांत स्वस्त तिकिटावर पूर्वी २० किलो सामान नेता येई. २०२४ साली ती मर्यादा १५ किलोवर आली. उलट इंडिगोने त्याच वर्षी काही मार्गांवर रुंद खुर्च्यांचा वरचा वर्ग सुरू केला. एक पायरी उतरला, दुसरा पायरी चढला. आणि जिन्यावर दोघांची गाठ पडली.

आता आपण आपल्या मुलखातील हिशेब मांडू. दादरा-नगर हवेलीत विमानतळ नाही आणि रेल्वे स्थानकही नाही. रांधा, सिल्ली, किलवणी, गलोंडा अशा गावांतून निघालेला माणूस प्रथम सिल्वासाला येतो, तेथून वापी स्थानक गाठतो आणि मग दक्षिणेस मुंबईची किंवा उत्तरेस सुरतेची वाट धरतो. मुंबईचा विमानतळ येथून सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे आमचा विमानप्रवास जमिनीवरच सुरू होतो, आणि त्याचा बराचसा खर्चही जमिनीवरच होतो.

समजा, चौघांचे एक कुटुंब गोव्याला निघाले आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, तेव्हा अनेक कुटुंबांनी असे बेत आखले. स्वस्त कंपनीचे तिकीट जुन्या कंपनीपेक्षा माणशी ९०० रुपयांनी कमी आहे, असे धरू. चौघांची बचत झाली ३,६०० रुपये. कुटुंबाने एकत्र बसण्यासाठी माणशी २५० रुपये मोजले आणि विमानात माणशी ३५० रुपयांचे खाल्ले, तर २,४०० गेले, उरले १,२००. आता स्वस्त विमान पहाटे पाचचे आहे आणि दुसरे दुपारी एकचे. दुपारच्या विमानाला सकाळची गाडी वापीहून पकडून जाता येते. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री मोटार ठरवावी लागते. तिला गाडीच्या भाड्याहून ४,००० रुपये अधिक पडले, तर १,२०० रुपये वाचवण्यासाठी ४,००० खर्चले, असा अर्थ होतो. चौघांचे २,८०० रुपये पदरचे गेले, आणि रात्रीची झोप गेली ती वेगळीच.

हेच कुटुंब पोळी-भाजीचा डबा बांधून निघाले, मिळेल त्या जागेवर बसले, सामान आटोपशीर ठेवले आणि सोयीच्या वेळेचे स्वस्त विमान त्याला सापडले, तर पुरते ३,६०० रुपये वाचतात. म्हणजे कंपनी तीच, तिकीट तेच, पण एकाला ते स्वस्त पडले आणि दुसऱ्याला महाग. त्यात गोव्यात आता विमानतळ दोन. दाबोळी वास्कोजवळ, तर २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालेला मोपा उत्तरेकडे पेडणे तालुक्यात. मडगावला जाणाऱ्याने तिकीट स्वस्त म्हणून मोपाला उतरावे, आणि वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या हाती ठेवावेत, हेही घडते. मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी २७ जून २०२३ पासून धावत आहे आणि ती सुमारे आठ तासांत पोहोचवते. घरापासून घरापर्यंतचे तास मोजले, तर आमच्यासारख्यांना सव्वा तासाचे विमान गाडीपेक्षा फारसे पुढे जात नाही.

पैशाचा हिशेब येथे संपतो. त्याहून महत्त्वाचा हिशेब भरवशाचा आहे.

स्वस्त कंपनीचे विमान दिवसभर धावत असते. सकाळच्या फेरीला एक तास उशीर झाला की तो उशीर संध्याकाळपर्यंत गावोगाव पोहोचतो. वेळापत्रकात सैलपणा ठेवला तर खर्च वाढतो; म्हणून तो कमीत कमी ठेवला जातो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाने याचे मोठे उदाहरण पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. इंडिगोपाशी त्या प्रमाणात माणसांची तजवीज नव्हती. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकट्या या कंपनीकडे असताना तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ३ डिसेंबर हा जुन्या गोव्यातील फेस्ताचा दिवस. तो याच आठवड्यात आला. उरलेल्या कंपन्यांची भाडी भडकली, तेव्हा ६ डिसेंबरला सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. वैमानिकाची विश्रांती ही प्रवाशाच्या जिवाची राखण आहे. ती कापून तिकीट स्वस्त होत असेल, तर तसले स्वस्त तिकीट कोणालाही नको. आणि दुसरी अशी की, कमी भाडे ही कोणा एका कंपनीची कृपा नसते. ते चार कंपन्यांच्या चढाओढीतून जन्मते. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गोएअर 'गो फर्स्ट' हे नवे नाव घेऊन मे २०२३ मध्ये थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. बुडणाऱ्यांत महागही होत्या आणि स्वस्तही. बाजारात दुकाने कमी उरली की घासाघीस करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

लहान गावांसाठी सरकारने २०१६ साली 'उडान' योजना काढली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली, त्यांत आपले नांदेडही होते. तासाभराच्या प्रवासाला काही जागांपुरते अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे अनुदानातून भरून द्यायचा, अशी ती कल्पना. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात तिचा जमाखर्च आहे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ठरवलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि त्यानंतर मार्च २०२३ मध्ये टिकून होते ते ५४. कमी भाड्याच्या मागे कोणीतरी खर्च सोसत असतो. तो सोसणारा दूर झाला की विमानही दूर होते.

मग सामान्य प्रवाशाने काय करावे? माझ्या मते निवड कंपनीच्या नावावरून न करता प्रवासाच्या कारणावरून करावी. सुट्टीत भावाकडे जायचे आहे, सामान एक पिशवी, पोहोचायला अर्धा दिवस इकडेतिकडे झाला तरी चालेल, तर स्वस्त विमान उत्तम. तेथे अधिक पैसे देण्यात शहाणपण नाही. परंतु मुलाची मुलाखत आहे, आजाऱ्याला न्यायचे आहे, किंवा वृद्ध आईला एकटीला पाठवायचे आहे, तर थोडे अधिक देऊन सोयीची वेळ आणि विचारपूस करणारे माणूस विकत घ्यावे. तेही जुन्या कंपनीकडेच मिळेल असे नाही. त्या मार्गावर दिवसातून अधिक फेऱ्या ज्या कंपनीच्या, तिच्याकडे एक विमान चुकले तर दुसरे मिळण्याची शक्यता अधिक, आणि अनेक मार्गांवर ती स्वस्त कंपनीच असते.

परदेशी जाणाऱ्यांनी तर विशेष जपावे. दमण-दीवची अनेक कुटुंबे इंग्लंडात लेस्टरला स्थायिक आहेत; आखातात नोकरीस गेलेले तरुणही पुष्कळ. २००५ साली एअर इंडिया एक्सप्रेस निघाली ती अशाच आखाती प्रवाशांसाठी, आणि तिने त्यांचे पैसे वाचवले. परंतु दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटे जोडून लांबचा प्रवास आखला, आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी येत नाही. एकाच तिकिटावर पुढपर्यंतचा प्रवास असेल, तर सामानही पुढे जाते आणि चुकलेल्या जोडविमानाची सोय कंपनीला करावी लागते. लांबच्या वाटेवर जुन्या कंपनीचे खरे मोल येथे आहे. जेवणाच्या ताटात नव्हे.

शेवटी हक्कांविषयी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम तिकीट स्वस्त की महाग हे विचारत नाहीत. उड्डाण रद्द झाले, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, ही निवड प्रवाशाची आहे. किमान चोवीस तास आधी सूचना दिली नसेल आणि कारण कंपनीच्या आवाक्यातील असेल, तर प्रवासाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाईचीही तरतूद आहे. मात्र मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून याहून कमी असतील, तर तेवढीच रक्कम मिळते. उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर दुसरे विमान किंवा पैसे मागता येतात. परत न मिळणारे म्हणून विकलेल्या तिकिटातीलही कर आणि विमानतळाचे शुल्क, प्रवास न केल्यास परत मागता येते. हे सारे नियम कागदावर आहेत, आणि कागद वाचणाऱ्यालाच ते उपयोगी पडतात. हवेलीतून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या वारली किंवा कोकणा तरुणाच्या हातात कोणीतरी नुसते तिकीट न देता हे चार नियमही समजावून द्यावेत. सहा महिन्यांच्या बचतीतून तिकीट घेणाऱ्याला एक रद्द झालेले उड्डाण जेवढे महाग पडते, तेवढे ते श्रीमंताला कधीच पडत नाही.

स्वस्त विमानांनी आकाशाचा दरवाजा उघडला, यात शंका नाही. तो उघडा राहावा यासाठी चढाओढ टिकली पाहिजे, नियम पाळले गेले पाहिजेत आणि प्रवाशाने तिकिटावरचा मोठा आकडा वाचून झाल्यावर त्याखालची बारीक अक्षरेही वाचली पाहिजेत. तेवढे केले, तर स्वस्त ते खरोखरच स्वस्त ठरेल.