मोठी होडी घ्यावी की नाही?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात. संतसाहित्य, शेअर बाजार, मधुमेह अशा विषयांवर बोलतात. यंदा कार्यकारिणीने एका डिप्लोमावाल्याला उभे केले आहे, तेव्हा अपेक्षा बेतानेच ठेवाव्यात. मी कराडच्या पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा. वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेच्या डिझेल इंजिनांत हात काळे करतो आहे. जहाजे बांधणे हा माझा विषय नाही. पण गेल्या वर्षभरात एक प्रश्न आपल्यातल्या पाच घरांत रोज चघळला गेला आणि त्याचा हिशेब मांडायचे काम माझ्याकडे आले. तो प्रश्न आता मंडळाचाही झाला आहे, म्हणून हा विषय.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी बहुतेक जण विटा, खानापूर, आटपाडीकडचे. सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी कोचीला आलेली ही घरे, आणि त्यांच्या जोडीला आम्ही रेल्वेवाले. दुष्काळी पट्ट्यातली माणसे. पोहायला शिकलो ते विहिरीत, तेही विहिरीला पाणी असलेल्या वर्षी. अशा माणसांनी पाच घरे मिळून वेंबनाड कायलात चालवायला होडी घेतली, याचे गावाकडे अजून हसू होते. होडी अठरा फुटी, फायबरची, मागे चाळीस हॉर्सपॉवरचे पेट्रोलचे टू-स्ट्रोक इंजिन. सहा माणसे बसतात.

आता घरे वाढली, मुले वाढली, पाहुणे वाढले. तेवढ्यात एक जुनी, सत्तावीस फुटी होडी विक्रीला असल्याचे कळले. एकशे पंधरा हॉर्सपॉवरची दोन इंजिने, वर छप्पर आणि छपरावर बसायला बाके. आमच्या गलाईवाल्या अण्णांचे म्हणणे असे की, कर्ज काढू, घेऊन टाकू. रविवारी आपण फिरू, बाकीचे दिवस पर्यटकांना भाड्याने देऊ, हप्ता त्यातून फिटेल. शिवाय विसर्जनाला मंडळाची हक्काची होडी होईल, मूर्ती आणि पन्नास माणसे एका खेपेत. मी आकडे विचारायला लागलो तेव्हा अण्णा म्हणाले, "इंजिनियरसाहेब, होडी हाय का चप्पल, माप बघून घ्यायला?" मी म्हणालो, "अण्णा, चप्पल चुकली तर पाय चावतो. होडी चुकली तर काय होतं ते तुम्हीच सांगा."

तर आता माप पाहू.

पहिली गोष्ट लांबीची. अठराची सत्तावीस म्हणजे दीडपट. माणसाला वाटते, दीडपट होडी, दीडपट खर्च. तसे नसते. आकार तोच ठेवून लांबी दीडपट केली की रुंदी आणि उंचीही दीडपट होते. वजन दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ ३.४ पट होते. रंग, दुरुस्ती, पावसाळ्यात बाहेर ओढून ठेवायची जागा, ओढायला लागणारी माणसे, सारे या वजनाच्या मागोमाग चालते.

दुसरी गोष्ट वेगाची. पाणी कापत संथ चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे, म्हणजे नॉटमध्ये वेग मिळतो. अठरा फुटाला हा साधारण ताशी साडेदहा किलोमीटर येतो, सत्तावीस फुटाला तेरा. त्यापुढे होडी स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर अडकते. आणखी वेग हवा असेल तर भरपूर ताकद लावून तिला पाण्याच्या वर उचलावे लागते. नाळ वर करून सुसाट जाणाऱ्या होड्या आपण पाहतो, त्या अशा उचललेल्या असतात. पेट्रोल पिते ते हे उचलणे.

किती पिते? पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा की, पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.३८ लिटर. जुनी टू-स्ट्रोक त्याहून जास्तच पितात. म्हणजे आपल्या चाळीसला तासाला पंधरा लिटरच्या पुढे. दोन एकशे पंधराला सत्याऐंशी लिटर. पूर्ण थ्रॉटल कोणी सतत ठेवत नाही हे खरे, पण प्रमाण लक्षात घ्या. होडी दीडपट आणि तहान जवळजवळ सहापट.

उलट एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. वैक्कमला जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' ही सौर ऊर्जेवरची फेरी बोट सुरू झाली. वीस मीटर लांब, सात मीटर रुंद, दोन धडांची. पंच्याहत्तर प्रवासी नेते. तिच्या मोटरी दोन, प्रत्येकी वीस किलोवॅट. म्हणजे सारे मिळून सुमारे चोपन्न हॉर्सपॉवर! आपण चाळीसमध्ये सहा माणसे नेतो, ती चोपन्नमध्ये पंच्याहत्तर नेते. जादू काही नाही. ती संथ चालते, पाणी कापण्यापुरतीच ताकद वापरते. संथ होडीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर ताकद सत्तावीस टक्के कमी लागते. ज्याला घाई नाही त्याची मोठी होडीसुद्धा स्वस्तात चालते. म्हणून किती फुटी होडी हवी हे ठरवण्याआधी किती घाई आहे ते ठरवावे लागते.

आम्ही होडीची वही ठेवतो. शेडमध्ये इंजिनाची असते तशीच. कोण गेले, किती तास, किती लिटर. ती काढून पाहिली. वर्षात इंजिन चालले छेचाळीस तास. सहापेक्षा जास्त माणसे यायची होती आणि जागा पुरली नाही, असे वर्षात नऊ रविवार. एकदाही दहापेक्षा जास्त माणसे नव्हती. वेगाची गरज म्हणाल तर पाऊस दिसल्यावर परत येताना, एवढीच. ही वही समोर ठेवली तेव्हा चर्चेचा आवाज जरा खाली आला.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे तोल. डिप्लोमाला हायड्रॉलिक्सच्या पेपरात मेटासेंट्रिक हाइट हा मार्क मिळवून देणारा प्रश्न असे. आम्ही तो पाठ करायचो. त्याचा साधा अर्थ असा की होडी कलली तर तिला परत सरळ करणारा जो जोर असतो, त्याचे हे माप. वजन खाली असेल आणि होडी रुंद असेल तर माप मोठे. वजन वर चढवले की माप लहान. कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी बांधतात ती याचसाठी.

समजा होडी माणसांसह तीन टनांची आहे. साठ किलोची दहा माणसे मधून एका कडेला एक मीटर सरकली. हे माप साठ सेंटिमीटर असेल तर होडी सुमारे अठरा अंश कलेल. घाबरायला होईल, पण ती सावरेल. आता छप्पर चढवून, छपरावर माणसे बसवून हेच माप तीसवर आणा. तीच दहा माणसे, तेच एक मीटर, आणि कल जातो तेहतीस-चौतीस अंशांवर. तोवर कडेवरून पाणी आत आलेले असते. आत आलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि उरलेला तोलही खाते. शिवाय कललेल्या होडीत माणूस जागेवर राहत नाही, तोही खालच्या बाजूला घसरतो. हे सारे होण्यासाठी वादळ लागत नाही.

केरळात राहणाऱ्याला याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १९२४ साली पल्लना येथे 'रिडीमर' ही बोट बुडाली आणि महाकवी कुमारन आशान गेले. बोट गच्च भरलेली होती. २००२ च्या जुलैत कुमरकोमला एकोणतीस माणसे गेली. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या तलावात दुमजली पर्यटक बोट उलटली, पंचेचाळीस गेली. ७ मे २०२३ रोजी तानूरला बावीस जण गेले, त्यात किती तरी लहान मुले. ती मासेमारीची होडी बदलून केलेली पर्यटक बोट होती आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तिच्यावर होती.

आणि आपल्या सणाचे सांगायचे तर १३ सप्टेंबर २०१९ रोजी भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेश विसर्जन करताना होडी उलटली आणि अकरा तरुण बुडाले. विसर्जनाच्या क्षणी काय होते ते आठवा. मूर्ती मधून उचलून कडेला आणतात. उचलणारे सहा-आठ जण त्याच कडेला. दर्शन घेणारे, फोटो काढणारे त्याच कडेला. मी मघाशी सांगितलेले गणित आपण आपल्या हाताने, मोरया म्हणत, करत असतो. म्हणून 'पन्नास माणसे एका खेपेत' हे वाक्य ऐकल्यावर मी गप्प बसू शकलो नाही.

चौथी गोष्ट भाड्याची. अण्णांची कल्पना टाकाऊ नव्हती. हप्ता फेडायचा मार्ग प्रत्येकाने शोधावाच. पण पैसे घेऊन माणसे नेली की आपण हौशी उरत नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. नोंदणी, सर्व्हे, विमा, जीवरक्षक साधने आणि प्रमाणपत्र असलेला चालक हे सारे लागते. आपल्याकडे ज्याला तांडेल म्हणतात त्याला इथे स्रांक म्हणतात. त्याला बारा महिने पगार द्यावा लागेल, मग पर्यटक येवोत की न येवोत. शिवाय आम्हा रेल्वेवाल्यांना १९६६ चे आचरण नियम आहेत. परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. पाचांतले दोन भागीदार त्यातच बाद.

पाचवी गोष्ट आपल्या पाण्याची. कायल दिसायला समुद्रासारखा, पण ठिकठिकाणी उथळ. ओहोटीला मोठी होडी गाळात बसते. कालव्यांवरचे पूल ठेंगणे, छपराची होडी खालून जात नाही. जलपर्णीची बेटे वाहत येतात, पंख्यात गुंततात, इंजिनाचे थंड पाणी आत घेणारी जाळी बंद करतात. एका इंजिनाला हे काम करायला वाकणारा माणूस मीच असतो. दोन इंजिनांना दोनदा वाकावे लागेल. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड पाण्याने इंजिन धुवायचे तेही दोनदा.

मग जुन्याच होडीला मोठे इंजिन लावावे, असा एक मधला मार्ग निघाला. आमच्याकडे डब्ल्यूडीएम-२ ची २६०० हॉर्सपॉवर वाढवून ३१०० केली, तेव्हा नुसता आकडा बदलला नाही, टर्बोचार्जरसारखी जोडीची अंगेही बदलावी लागली. इथेही तेच. चाळीसचे इंजिन साधारण पाऊणशे किलोचे. शंभराच्या वरचे फोर-स्ट्रोक दीडशे किलोच्याही पुढे. ज्या मागच्या फळीला ते लटकायचे ती पाऊणशेसाठी बांधलेली. फळी भर पाण्यात उकलली तर इंजिनासकट होडी खाली जाईल.

शेवटी तीन बैठका झाल्या. वहिनींनी शेवटच्या बैठकीत विचारले, "त्या छपरावर आपली पोरं बसणार, का तुम्ही बसणार?" याचे उत्तर कोणी दिले नाही. ठरले ते असे. सत्तावीस फुटी घ्यायची नाही. बावीस फुटी, रुंद, छपराऐवजी कापडी कनात असलेली होडी घ्यायची. इंजिन एकच, साठ हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक. दहा माणसे, अकरावा नाही. दहाही भरली की ती संथ चालेल, आणि ते सर्वांना मान्य आहे. भाड्याने द्यायची नाही. जुनी होडी विकून येईल ती रक्कम धरून बाकीची पाच वाटण्यांत. अण्णांनी पहिला चेक दिला. "पन्नास न्हाई, पर दहा तर दहा," म्हणाले.

विसर्जनाबाबत कार्यकारिणीपुढे माझी विनंती आहे. मूर्ती लहान असावी. होडीत मूर्तीसह सहा माणसे, सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट, उचलणारे दोघे, बाकीचे चौघे बसलेले आणि समोरच्या बाजूला. आरती काठावर करावी. जो काठावर उभा आहे त्यालाही बाप्पा तितकाच दिसतो.

आपल्यापैकी कोणी होडी घ्यायच्या विचारात असेल, किंवा गाडी, किंवा मोठे घर, तर माझे एवढेच सांगणे आहे. आधी वर्षभराची वही ठेवा. जास्तीत जास्त गरजेला नव्हे, नेहमीच्या गरजेला माप घ्या. घेण्याची किंमत एकदाच विचारा, चालवण्याची दहादा विचारा. आणि त्यात आपली मुले बसणार आहेत हे धरूनच 'किती माणसे मावतात' याचे उत्तर द्या.

 नवी होडी आली की पहिला रविवार मंडळाच्या ज्येष्ठांचा. एका खेपेला नऊ जण, कारण दहावा चालवायला मी.

गणपती बाप्पा मोरया!

— वरिष्ठ सेक्शन इंजिनियर, डिझेल शेड