नोटिशीला उत्तर हवे, तेही लेखी



पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिच्या जागी १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका आली आणि खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या सिडको वसाहती व भोवतालची गावे तिच्या हद्दीत गेली. वसाहतींतील रहिवाशांच्या हाती मालमत्ता कराची देयके पडली ती २०२१ साली. आकारणी मात्र स्थापनेच्या दिवसापासूनची होती. मधल्या काळात सिडको सेवाशुल्क घेतच होती. एकाच सेवेचे पैसे दोनदा का द्यावयाचे, हा प्रश्न रास्तच होता. मोर्चे निघाले, न्यायालयात याचिका दाखल झाल्या.

परंतु सभेतील घोषणा कायद्याच्या दप्तरात नोंदली जात नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार घराचे करयोग्य मूल्य ठरते ते अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून. ते मान्य नसेल तर नोटिशीतील मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत घ्यावी लागते. तिच्यावरील निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ४०६ अन्वये पंधरा दिवसांत न्यायाधीशाकडे अपील करता येते. येथे दोन अटी आहेत. आधी हरकत घेतलेली नसेल तर करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील ऐकले जात नाही. आणि वादातील कराची रक्कम आधी भरावी लागते. शिवाय थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते ती वेगळीच.

याचा अर्थ उघड आहे. बड्या बिल्डरला वकीलही परवडतो आणि रक्कम भरणेही परवडते. दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त कामगाराला परवडते ती एकच पायरी, साध्या कागदावरील हरकतीची. ती चुकली की पुढचे दार बंद. अन्यायाची चीड खरी असूनही त्याचे मौन संमती ठरते.

सरकारी आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा रोखला, पण त्यांची मागणी निःपक्ष चौकशीची होती. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी चौकशी केली, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. जप्तीपुढे न डगमगणारी एकजूट होती, आणि तिच्या पाठीशी गावोगावचा हिशेबही होता.

कार्यकर्त्यांचे काम येथेच सुरू होते. नोटीस आली की तिची तारीख टिपावी. क्षेत्रफळ बरोबर आहे काय, घर स्वतःच्या वापरात की भाड्याने, आकारणी कोणत्या दिवसापासूनची, त्या काळात सेवाशुल्क कोणाला दिले, हे पावत्यांसह लिहून द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. एका इमारतीतील शंभर घरांच्या शंभर हरकती स्वतंत्रपणे दाखल झाल्या, तर प्रत्येकीची दखल प्रशासनाला घ्यावी लागेल.

कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. त्याचा हिशेब मागणे हा त्याचा हक्क आहे. मोर्चा जरूर निघावा. मात्र मोर्चातील प्रत्येकाच्या घरी त्याच्या हरकतीची पोच असावी.