तळ्यातली पिल्ले कुणाची?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या बैठकीत माशाचे काय काम, असे कुणी विचारील. विचारायलाच पाहिजे. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि आपल्या कोरडवाहू भागात तळी निघाली. काही अनुदानाची, काही कर्जाची, काही नुसत्या हौसेची. बोंडे भरायच्या वेळी पावसाने दगा दिला तर एखादे पाणी देता यावे, एवढाच त्यामागचा हिशेब. मग पाणी उभे आहेच तर मासे सोडू, मिठामिरचीचा खर्च निघेल, असे मनात येणे साहजिक आहे. त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी आपण जे बियाणे विकत घेतो ते आपल्याला ओळखता येत नाही, आणि आमचे आजचे बोलणे तेवढ्यावरच आहे.

कापसाच्या पाकिटावर निदान लेबल असते. वाणाचे नाव असते, लॉट नंबर असतो, उगवण किती टक्के ते छापलेले असते. बियाणे बोगस निघाले तर ते पाकीट घेऊन भांडता येते. माशाचे बीज येते ते प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. आत बोटाच्या पेराएवढी चंदेरी पिल्ले वळवळत असतात. देणारा म्हणतो रोहू, कटला, मृगळ. आपण मान डोलावतो. आठ-दहा महिन्यांनी जाळे टाकल्यावर तळहाताएवढी चिलापी निघते. तोवर पिशवीही गेलेली असते आणि पिशवीवालाही. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर?

हा विषय समजून घ्यायला आम्ही काही कार्यकर्ते गेल्या पावसाळ्यात कर्जत आणि खालापूरला जाऊन आलो. अहिल्यानगर जिल्ह्यातले आपल्यासारखे कोरडवाहू कर्जत नव्हे, रायगडातले, माथेरानच्या पायथ्याचे. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण पेढे वाटतो. तिथे तीन हजारांच्या पुढे पडतो. भाताचा मुलूख. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हापासून कर्जतचे नाव ऐकत आलो ते भात संशोधन केंद्रामुळे. शिवाय भिवपुरीला 1922 पासून टाटांचे वीजघर आहे. वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी पेज नदीत येते आणि राजनाल्याच्या कालव्याने उन्हाळी भाताला जाते. असे बारमाही पाणी असल्यामुळे माशाची ओळख तिथे घरोघर आहे. कापसावरची मावा-तुडतुडे जशी आपल्या बायाबापड्यांना ओळखू येतात, तशी तिथल्या ठाकर-कातकरी बायांना बोटभर मासळी ओळखू येते.

तिथे वलगण म्हणून एक प्रकार आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे फुटले, की नदीतले लहान मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि ओहोळातून थेट भाताच्या खाचरात येतात. लोक रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन ते धरायला जातात. गाभोळीने भरलेले मासे असतात, चवीला उत्तम. या वलगणीचे मासे ओढ्याला लागून असलेल्या खासगी तळ्यांतही शिरतात आणि तिथे अंडी घालतात.

असेच एक तळे आम्ही पाहिले. मालक भातशेतकरी. त्याने दोन वर्षांपूर्वी रोहू-कटल्याचे बीज सोडले होते. आम्ही गेलो तेव्हा कडेला इंच-दीड इंचाच्या पिल्लांचे थवेच्या थवे फिरत होते. प्रत्येकाच्या शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका. मालक खुशीत होता. म्हणाला, "रोहूने पिल्ले घातली, आता बीज विकत घ्यायला नको." ठिपका रोहूच्या पिल्लालाही असतो, हे त्याने ऐकले होते आणि ते खरेही आहे. पण ती पिल्ले रोहूची नव्हती.

कशावरून? एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते तळ्याच्या उभ्या पाण्यात वाढतात, लठ्ठ होतात, पण तिथे वीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करत, आणि त्यात दहा जातींची भेसळ येई. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात कटकच्या केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करून दाखवली. तिथून बीज केंद्रात तयार होऊ लागले. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्याचमुळे. बाहेरून आलेले गवत्या आणि चंदेरा हेही उभ्या पाण्यात वीत नाहीत. तेव्हा तुमच्या तळ्यात आपोआप पिल्ले दिसली, तर ती या पाचांपैकी कुणाचीही नाहीत. सायप्रिनस वितो, चिलापी वितो, मरळ वितो आणि आपली देशी बारकी मासळी वितात. पाहुणे यांच्यापैकीच कुणीतरी असणार.

कर्जतच्या त्या तळ्यातली वाटीभर पिल्ले आम्ही काचेच्या बरणीत घेतली आणि उजेडाकडे धरली. पाठीवरचा पर आखूड होता. रोहूचा पर बुडाशी लांब असतो. अंग उंचट, खवले अंगाच्या मानाने मोठे, आणि त्या पाठीवरच्या पराच्या बुडाशीही एक काळा डाग. ही खवली. गावागणिक नाव बदलते, कुठे पोठी म्हणतात. तिच्याच भाऊबंदांपैकी एकीला दोन ठिपके असतात, एक कल्ल्याच्या मागे आणि दुसरा शेपटीच्या अलीकडे. मालकाचा विश्वास बसेना. तेव्हा बरोबरच्या ठाकर बाईने त्याच जाळ्यातली दोन इंची मासळी उचलली आणि पोट दाबले. गाभोळी बाहेर आली. रोहूची गाभोळी बघायची तर मासा किलोच्या आसपास जावा लागतो, दोन वर्षे थांबावे लागते. दोन इंचात गाभोळी म्हणजे ते पिल्लू नव्हेच, पूर्ण वाढलेली बारीक मासळी. यापेक्षा सोपी परीक्षा आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडली नसती.

आता बीज घेताना काय बघायचे? जिऱ्यात, म्हणजे नुकत्या फुटलेल्या पिल्लात, तुम्ही-आम्ही काही ओळखू शकणार नाही. जिरे घेऊच नका, बोटुकली घ्या. निदान दोन इंचाची. आपल्या तळ्यात पाणी सहा-आठ महिने टिकते, तिथे जिरे सोडणे म्हणजे पेरणीची वेळ टळल्यावर धूळपेर करण्यासारखे. बोटुकलीत कटला डोक्यावरून कळतो: डोके अंगाच्या मानाने मोठे, तोंड वर वळलेले, मिशा नाहीत, शेपटीशी ठिपका नाही. चंदेराचेही तोंड वर असते, म्हणून तो कटला म्हणून खपतो. पण त्याचे खवले अगदी बारीक, रवा सांडल्यासारखे, आणि डोळा खाली, तोंडाच्या रेषेखाली उतरलेला. दोघे पाण्याच्या वरच्या थरातले आणि खाणेही जवळपास सारखे, त्यामुळे एकाच तळ्यात दोघे घातले तर कटला मागे पडतो. रोहूचे ओठ झालरीसारखे, शेपटीच्या बुंध्याशी काळपट पट्टा, जो वाढीबरोबर पुसट होतो. मृगळ सडपातळ, ओठ पातळ, आणि बुंध्याशीचा डाग शंकरपाळ्यासारखा. सायप्रिनसला दोन जोड्या मिशा आणि पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ काळा पट्टा दिसला तर ती डांडवण, देशी बारकी मासळी.

आणि चिलापी. तिच्या पिल्लाच्या पाठीवरच्या परावर मागच्या बाजूला एक काळा डाग असतो, अंगावर उभे पुसट पट्टे असतात, आणि त्या पराचे पुढचे काटे हाताला टोचतात. तिची एक जात 1952 साली आपल्या देशात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे एक जोडी शिरली तरी वर्षात तळे भरते. मासे भरपूर, पण एकही वाढत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात शिरली तर तळे पूर्ण आटेपर्यंत ती जात नाही. मांगूरबद्दलही सांगून ठेवतो. आफ्रिकी मांगूरला, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. देशी आणि आफ्रिकी, दोघांनाही आठ-आठ मिशा. बोटुकलीत फरक करणे जाणत्यालाही अवघड जाते. म्हणून देशी मांगूर आहे असे कुणी कितीही शपथेवर सांगितले तरी त्याचे बीज घेऊ नका. पुरात तो ओढ्यात गेला, तर एका माणसाच्या चार पैशांपायी सगळ्या गावाची मासळी संपेल.

तळ्याच्या पृष्ठभागावर लालसर-केशरी पिल्लांचा गोळा एकत्र फिरताना दिसला आणि खाली मोठी सावली हलली, तर तो मरळीचा संसार. मरळ बाजारात चांगल्या भावाने जाते, पण ती शिकारी. तुमची बोटुकली तिच्या तोंडचा घास आहे.

इथे कर्जत-खालापूरची खरी शिकवण येते. बारीक मासळी दिसली की खात्याच्या पुस्तकात तिला 'तणमासे' म्हणतात. तण म्हणजे उपटून फेकायचे. शास्त्रीय शिफारस अशी की बीज सोडण्याआधी मोहाची पेंड घालावी, दर घनमीटर पाण्याला 250 ग्रॅम. वीस बाय वीस मीटरच्या तळ्यात मीटरभर पाणी असेल तर शंभर किलो. मासे मरतात, पेंडीचे खत होते, आणि दोन-तीन आठवड्यांनी बीज सोडता येते. जिथे जिरे वाढवायचे तिथे हे योग्यच आहे. खवली आणि डांडवण तिथले खाणे फस्त करतात. पण आमचे म्हणणे असे की बोटुकली सोडलेल्या तळ्यात सरसकट तण म्हणणे बरोबर नाही. ज्वारी घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आपण कणीसही मोजतो आणि कडबाही मोजतो. कडब्याला कचरा म्हणणारा संकरित वाण आपल्याकडे आला तेव्हा बैलांनी आपल्याकडे कसे बघितले, ते आपल्या वडिलांनी पाहिलेले आहे. खवली, डांडवण हा तळ्यातला कडबा आहे. मरळ ठेवायची असेल तर तिचा चारा हाच. आणि मरळ नसेल, तर हा चारा घरच्या लेकरांचा.

बारीक मासळी काट्यासकट, डोक्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे हाडांना लागणारा चुना, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व ताटात येते. बांगलादेशात मोला नावाची अशीच बोटभर मासळी रोहू-कटल्याबरोबर तळ्यात मुद्दाम वाढवतात: मोठा मासा विकायला, बारीक घरात खायला. या लहान माशांवर काम करणाऱ्या डॉ. शकुंतला थिलस्टेड यांना 2021 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कर्जतच्या कातकरी बाईला यात नवे काही वाटणार नाही. इंग्रजांच्या काळात कर्नल साईक्स नावाच्या अधिकाऱ्याने घाटावरच्या माशांची नोंद केली, तेव्हा मासे धरणाऱ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रात घातली. दगडाला चिकटून राहणारा मळ्या 1839 पासून जगभरच्या ग्रंथांत 'मुल्ल्या' म्हणूनच आहे. ज्यांच्या तोंडून ते नाव आले त्यांना मात्र आपण अडाणी म्हणतो.

आता आपल्या तळ्यांकडे. आपली बरीच तळी उन्हाळ्यात आटतात. पाण्याच्या दृष्टीने ते दुःख, पण नको ते मासे घालवायला यासारखे औषध नाही. मोहाच्या पेंडीचा खर्च वाचतो. तळ्यात ओढ्याचे पाणी घेत असाल तर तोंडाला बारीक जाळी लावा. विहिरीचे पाणी भरत असाल तरी बघा: डासांसाठी आरोग्य खाते गप्पी सोडते, ते आधीपासून विहिरीत असू शकतात. बीज घ्यायला एकटे जाऊ नका, चार-पाच तळेवाले मिळून जा. विकणारा एक वाटी मोजतो आणि वाटीवरून हजाराचा हिशेब करतो. ती वाटी कुठून भरायची ते आपण सांगायचे, वरून नाही, मधून. ती पांढऱ्या थाळीत ओता. पहिल्यांदा मिशा बघा, मग पाठीवरचा पर, मग ठिपका, मग तोंड. नको ती जात किती निघाली ते त्याच्यासमोर मोजा, पावतीवर जातींची नावे आणि बोटुकलीची लांबी लिहून घ्या. पावती द्यायला नकार दिला तर पिशवी परत करा. पैसे दिल्यावर भांडण्यापेक्षा देण्याआधी भांडलेले बरे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या तळ्यात आपोआप आलेली पिल्ले आहेत त्यांनी प्रत्येकी एक बरणी आणावी. बरणी अर्धीच भरा, तोंडाला फडके बांधा, उन्हात ठेवू नका. गावाचे नाव आणि पाणी कुठून भरले ते चिठ्ठीवर लिहा. सगळ्या बरण्या एका टेबलावर मांडून आपण बघू. आणि बघून झाल्यावर त्या इथल्या नाल्यात ओतू नका. ज्याची त्याने आपल्याच तळ्यात परत न्यावी.