रेग्युलेटर पुसा, उघडू नका

गॅसचा दाब आवरून धरतो तो रेग्युलेटर. पुसण्याआधी तो बंद करा, टाकीवरून काढा, टाकीला टोपी लावा. कोरड्या फडक्यानंच पुसा. आत सुई, तेल, पाणी घालू नका. आतला रबरी पडदा फाटला, तर गॅस झिरपतो. परत बसवल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती! काडी ओढून कधीच बघू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन 1906 ला फोन करा. बिघडलेला रेग्युलेटर एजन्सीतूनच बदलून घ्या. गटाची पापडाची ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तरी चालेल, बायांनो!