दुखणाऱ्या अंगाची आंघोळ
(वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत दोन-चार तरुण हसले. आंघोळ हा काय भाषणाचा विषय झाला? मी त्यांना दोष देत नाही. दहा वर्षांपूर्वी मीसुद्धा हसलो असतो. मी डॉक्टर नाही आणि पंडित तर मुळीच नाही. शाळा नववीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात आणि वाचनालयात झालं. उमेदीची वर्षं साच्यापुढे उभं राहून काढली. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचे साचे थांबले ते कायमचेच, आणि मी गावी आलो. तेव्हा जे सांगणार आहे ते भोगलेलं आहे आणि थोडंफार वाचलेलं आहे, एवढंच समजा.

आमच्या मंडळींना बारा वर्षं झाली, संधिवात आहे. बोटांची पेरं सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही. गावी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एकदा सकाळी ती आंघोळ न करता चुलीपाशी चहा घेत बसली होती. मी सुनेसमोर बोललो, "मी चार गावांत स्वच्छतेवर भाषणं देतो आणि माझ्याच घरात बाईमाणूस बिनआंघोळीचं बसतं!" ती काही बोलली नाही. उठली आणि न्हाणीत गेली. थोड्या वेळाने बालदी आपटल्याचा आवाज आला. धावत गेलो तर दाराला आतून कडी. मुलाने दार ढकलून कडी तोडली. ती ओल्या फरशीवर बसलेली, पाणी सगळं सांडलेलं, आणि तिला उठता येत नव्हतं. हाड मोडलं नाही हे नशीब. रात्री ती मला म्हणाली, "मला आंघोळीचा कंटाळा नाय हो. आंघोळ केली की दिवसाचं बळ तिथंच सरतं. मग भाकऱ्या कोण थापणार?"

बंधूंनो, इतकी वर्षं मी समतेवर बोललो, पण हा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. मणक्यातली गादी सरकली आणि तीन महिने मी अंथरुणाला खिळलो. मुलगा मला आंघोळ घालायचा. मी त्याच्यावर उगाच खेकसायचो, कारण मला लाज वाटत होती. गिरणीत कामाचा बोजा मोजणारे साहेब घड्याळ घेऊन आमच्या मागे उभे राहायचे. कामगार किती वेळा वाकतो, किती पावलं चालतो, सगळं लिहून घ्यायचे. पडल्या पडल्या मी तसाच आंघोळीचा हिशेब केला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वीस लिटरची बालदी म्हणजे वीस किलो. पाच माणसांचं घर असेल तर आंघोळीचंच पाणी शंभर किलो झालं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी ते विहिरीवरून कोण चढवतं? आणि एवढं पाणी भरून, तापवून, सगळ्यांना काढून देऊन शेवटी आंघोळीला कोण जातं? उत्तर समोर बसलेल्या माझ्या भगिनींना ठाऊक आहे. वर प्रत्यक्ष आंघोळीत पंचवीस-तीस वेळा तांब्या उचलायचा, हात डोक्यावर न्यायचा, पायांपर्यंत वाकायचं, पाठीला हात पोचवायचा, अंग पुसायचं, लुगडं नेसायचं. धडधाकट माणसाला हे काम वाटत नाही. सांधे धरलेल्या माणसाला ती अर्धी पाळी आहे.

आणि थकव्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. संधिवातात थकवा येतो तो आळसाने नव्हे. सांध्यांना जी सूज आणणारी प्रक्रिया शरीरात चालू असते, तिनेच सगळं अंग गळून जातं. रात्रभर झोपूनही तो जात नाही. त्यात कढत पाणी आणि बराच वेळ उभं राहणं आलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. न्हाणीत माणसं पडतात याचं हे एक मोठं कारण आहे.

मग मी बायकोला तसं का बोललो? याचा विचार केला तेव्हा मला माझी आजी आठवली. ती आम्हा पोरांना दगडाने घासून न्हाऊ घालायची आणि म्हणायची, "अंगाला वास येता नये, लोक बोट दाखवतील." लोकांनी आपल्याला घाणेरडे म्हटलं, आणि ज्या पाण्याने अंग धुवायचं ते पाणीही तोडलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते याचसाठी. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या स्त्रियांना स्वच्छ आणि नीटनेटकं राहायला सांगितलं. आपल्या आयाबायांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून आंघोळ ही आपल्याकडे नुसती आंघोळ राहिली नाही, ती इज्जतीची गोष्ट झाली. याचा मला अभिमान आहे. पण त्याच इज्जतीचा दगड करून आपण घरातल्या आजारी माणसाला मारू लागलो, तर ते बाबासाहेबांना पसंत पडलं असतं काय? माणसाला माणूस म्हणून पाणी मिळावं, यासाठी तो लढा होता.

वाचनालयात राहुल सांकृत्यायन यांनी हिंदीत आणलेला विनयपिटक होता. आधी मला तो रुक्ष वाटला, नुसते भिक्षूंचे नियम. अंथरुणावर असताना पुन्हा वाचला आणि डोळे उघडले. पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्षूचे हातपाय वाताने धरले होते. भगवंतांनी त्याला अंग शेकायची परवानगी दिली. त्याने उतार पडेना, म्हणून औषधी घालून शेक. तरी उतार पडेना, म्हणून पाला घालून उकळलेलं पाणी, आणि शेवटी गरम पाण्याने भरलेलं मोठं भांडं, आत बसायला. एक उपाय चालला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. "तू सोंग करतोस" असं कोणी त्याला म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट स्नानगृहाची. वैशालीला जीवक वैद्याने भिक्षूंच्या आरोग्यासाठी स्नानगृह असावं अशी विनंती केली आणि भगवंतांनी मान्य केली. मग एकेक अडचण पुढे आली. आत चिखल झाला, तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड अंथरायला सांगितलं. पाणी साचलं, तेव्हा मोरी काढायला सांगितली. जमिनीवर बसून अंगाला खाज सुटली, तेव्हा बसायला पीठ दिलं. पायऱ्या चढताना भिक्षू पडू लागले, तेव्हा धरायला कठडा बसवायला सांगितला. अडीच हजार वर्षांपूर्वी, बंधूंनो! "नीट चालत जा, पडता कशाला?" असं ते म्हणाले नाहीत. कठडा बसवा म्हणाले.

तिसरी गोष्ट तुम्हांला माहीत आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंतांनी विचारलं, तुझी सेवा करायला कोणी नाही काय? तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी करत नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवलं. "मी कोणाच्या उपयोगी पडत नाही" हे वाक्य आज आपल्याही घरातली आजारी माणसं मनात म्हणत असतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, इतकंच.

आता कामाचं बोलतो. आमच्या घरी जे बदललं ते सांगतो. खर्च फार नाही.

पाट काढून टाकला. खाली बसलं की उठताना गुडघ्यांचे हाल होतात. गुडघ्याएवढ्या उंचीची, रुंद पायांची प्लास्टिकची खुर्ची न्हाणीत ठेवली. बालदी दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वाकणं वाचलं. भरलेली बालदी ती उचलत नाही. पाणी मी किंवा मुलगा काढून ठेवतो. तांब्याऐवजी दांडीचा छोटा मग, तोही अर्धाच भरायचा. साबण हातातून निसटतो म्हणून जुन्या मोज्यात घालून ठेवला. चिऱ्याच्या भिंतीत गवंड्याकडून लोखंडी दांडा पक्का बसवून घेतला. टॉवेलच्या दांडीचा भरवसा धरू नका, ती भिंतीतून निघून येते. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं, ते आठवड्याला घासून काढायचं आणि रबरी चटई टाकायची. आतून कडी लावायची नाही. पडदा लावायचा आणि घरात सांगून जायचं.

आंघोळीची वेळ बदलली. सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून ती दुपारी, अंग मोकळं झाल्यावर आंघोळ करते. "आंघोळीशिवाय चहा नाही" हा नियम आम्ही मोडला. केस एका दिवशी, अंग दुसऱ्या दिवशी. फारच दुखत असेल त्या दिवशी ओल्या पंचाने तोंड, काखा, जांघा आणि पाय पुसायचे, कपडे बदलायचे. तेवढ्याने माणूस स्वच्छ राहतो. आंघोळीनंतर दहा मिनिटं आडवं व्हायचं, मगच पुढचं काम.

कोमट पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, थोडा वेळ बरं वाटतं. आपल्या जिल्ह्यात तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे लोक जातात, घरी पाण्यात निर्गुडीचा पाला घालतात. बरं वाटत असेल तर जरूर करा. पण त्याने संधिवात बरा होत नाही. बोटांचे सांधे सुजत असतील आणि सकाळचं आखडणं अर्धा-पाऊण तास जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा आणि लवकर दाखवा. आज अशी औषधं आहेत की वेळेत सुरू केली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. आम्ही दोन वर्षं तेल चोळण्यात घालवली, तिची दोन बोटं त्यात गेली. मधुमेहामुळे पाय बधिर असतील त्यांनी पाणी पायाने पाहू नये, कोपराने पाहावं, नाहीतर भाजलेलं कळत नाही. बंद न्हाणीत गॅसचा गिझर लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. पाणी तापवायची विजेची सळई बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. ज्येष्ठांना काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या गरजूंना ३ हजार रुपये अशी ती आहे. आपल्या शिकलेल्या पोरांनी तिची चौकशी करून वाडीतल्या म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत.

शेवटी दोन शब्द दुखणेकऱ्यांना आणि दोन आपणा सर्वांना.

दुखणेकरी मायबापहो, आधार घ्यायला लाजू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि चालताना नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार होता. म्हणून त्यांची उंची काही कमी झाली नाही. मुलगा पाणी घालतो तेव्हा मी आता खेकसत नाही. त्याला सांगतो, "बाबा, जरा डाव्या बाजूला घाल."

आणि आपणा सर्वांना माझी सूचना अशी की, या वर्धापनदिनाच्या वर्गणीतून कमानीला रंग एक वर्ष उशिरा लावू. त्याऐवजी विहाराच्या न्हाणीत आणि पायऱ्यांना धरायला दांडे बसवू, दोन खुर्च्या आणू. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने वाडीतल्या अशा घरांची यादी करावी. आठवड्यातून एकदा कोणी काकीचं डोकं धुऊन द्यावं, कोणी आजोबांचं पाणी काढून द्यावं. पुरुषांनी आधी स्वतःच्या घरातल्या बालद्या उचलाव्यात. मी उचलतो. पहिले काही दिवस शेजारी हसले, आता हसत नाहीत.

आमच्या मंडळी आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या दिवशी सुनेसमोर बोललो होतो, म्हणून आज तुम्हा सर्वांसमोर सांगतो, माझी चूक झाली.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!