जात्याची घरघर कुठे गेली?

आज आमच्या गटाच्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. ग्रुपवर व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं, आजींनी दळता दळता अकरा ओव्या म्हटल्या, आणि तोच मेसेज आम्ही रेडिओ केंद्रावर पाठवला. तिथल्या ताईंचा फोन आला, "शब्द कळतात, पण जातं पाण्यात बुडाल्यासारखं वाजतंय. मूळ फाइल आहे का?" मूळ असं काही नव्हतंच. पौषात आजी गेल्या.

ताईंनी मग आम्हाला बसवून समजावलं. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं घेतलेली असतात. एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. तेच एक मिनिट नेहमीच्या एमपीथ्रीत साधारण एका एमबीत बसतं. कसं? लग्नात बँड वाजत असला की शेजारणीची कुजबुज ऐकू येत नाही ना, तसे मोठ्या आवाजाखाली दबणारे बारीक आवाज ही पद्धत टाकून देते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत हे तंत्र घडलं. तिथे सुझान वेगा या गायिकेचं वाद्यांशिवायचं एक गाणं तपासायला घेतलं, तर सुरुवातीला ते फारच वाईट वाजलं. एकट्या बाईचा साधा आवाज! आम्हाला तर हे ऐकून बरंच वाटलं. त्या गाण्यावर पुन्हा पुन्हा काम करून त्यांनी पद्धत सुधारली.

एमपीथ्री वाईट नाही. कार्डात शंभर भजनं त्यामुळेच मावतात. फार दाबलं की मात्र टाळेच्या ठोक्याआधीच फसफस ऐकू येते. व्हॉइस मेसेज तर त्याहून जास्त दाबलेला, बोलणं समजावं एवढ्यापुरताच. जातं त्याच्या हिशेबी नुसता गोंगाट.

आणि गेलेलं परत येत नाही. आम्ही ती फाइल मोठ्या वेव फाइलमध्ये बदलून पाहिली. जागा वाढली, आवाज तोच. चाळून कोंडा टाकला, मग पीठ मोठ्या गोणीत भरलं तरी कोंडा कुठून येणार? फ्लॅक नावाचा प्रकार वेगळा. नऊवारी घडी घालून पेटीत ठेवावी तसा तो जागा वाचवतो, पण उलगडला की नऊच्या नऊ वार.

आता आम्ही फोनमधलं रेकॉर्डर उघडतो, सेटिंगमध्ये वेव किंवा सगळ्यात वरचा दर्जा निवडतो. पाठवताना ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडतो. मग फाइल दाबली जात नाही. मूळ प्रत पेनड्राइव्हवर ठेवतो, आणि ती नीट वाजते हे पाहिल्याशिवाय फोनमधली पुसत नाही.

शनिवारी आजींच्या जाऊबाई येणार आहेत. त्यांना त्यातल्या सात ओव्या येतात. फोन जात्याजवळ जमिनीवर ठेवला तर थरथरतो, म्हणून उशी लागेल. जिच्या घरी जाड उशी असेल तिने घेऊन यावी.